एक माप मोठा पंख

चातुर्मासात लोक वांगं सोडतात, कांदा-लसूण सोडतात, कोणी गादी सोडून चटईवर निजतात. झाशीच्या लक्ष्मी गेटपाशी राहणाऱ्या कमलिनीबाईंनी त्या वर्षी जमीन सोडायचं ठरवलं.

ठरवलं म्हणजे काही हौसेनं बसल्या बसल्या ठरवलं नव्हतं. त्याला त्यांचे यजमान केशवराव कारण झाले. आषाढीच्या संध्याकाळी गावातल्या मराठी मंडळाचा फराळ होता. उपासाचा म्हणून जो फराळ असतो तो एरवीच्या जेवणापेक्षा जड असतो, त्यामुळे सगळे सुस्तावून बसले होते. तेवढ्यात प्रियदर्शिनी नावाची एक बाई उठली. मूळची कोल्हापूरची, फौजेतून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेली, नवरा अजून फौजेतच, जवळच्या बबिन्याच्या छावणीत. तिनं भिंतीवर चित्रफीत दाखवली. पाठीला मोटर आणि मोठं पातं बांधायचं, डोक्यावर कापडाचा लांबट पंख, आणि शेतातून धावत सुटलं की माणूस वर. मी शिकवते, ती म्हणाली, कोणाला शिकायचंय? पुरुष मंडळी आपापल्या पत्रावळीकडे बघू लागली. कमलिनीबाईंनी हात वर केला.

आणि केशवराव हसले. एकटे हसले असते तर चाललं असतं. पण ते विम्याच्या कचेरीत तीस वर्षं काढलेले, चार माणसांत बोलायची सवय. म्हणाले, "अहो, हिला फळीवरचा डबा काढायला स्टुलावर चढवलं तर मला खालून स्टूल धरावं लागतं. ही कुठली उडते." मग सगळेच हसले. वाईट मनानं नाही. पण हसण्याला मन विचारत बसत नाही कोणी.

कमलिनीबाई आवाज चढवून बोलतच नाहीत. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की इथं बाईला हवं ते करायच्या वाटा दोन, भांडण किंवा व्रत. भांडण पुन्हा पुन्हा करावं लागतं. व्रत एकदा धरलं की पुरतं. बी.ए.ची परीक्षा होईपर्यंत संध्याकाळी चुलीला हात लावणार नाही, हे त्यांनी देवापुढं सांगितलं होतं, आणि सासूबाईंना देवाचं ऐकावं लागलं होतं. स्कूटर त्या शिकल्या ती श्रावणात रोज लांबच्या देवीचं दर्शन घ्यायचा नेम धरून. नेम पायी होईना, म्हणून स्कूटर. त्या वेळी गल्लीत सगळ्यांनी राणीचं नाव काढलं होतं. झाशीत बाईनं गॅसचा सिलिंडर जरी उचलला तरी लोक राणीचं नाव काढतात, त्यामुळे त्या तिकडे लक्ष देत नसत.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून त्यांनी तळहातावर पळीभर पाणी घेतलं. केशवराव शेजारी पेपर वाचत बसले होते. त्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात त्या म्हणाल्या, "कार्तिकी एकादशीच्या आत मी एकटी, माझ्या पायांनी धावत उडेन, आणि माझ्या पायांवर उभी राहून उतरेन." आणि पाणी सोडलं.

केशवरावांनी पेपर खाली घेतला. "अगं, मी गंमत केली काल."

"तुम्ही केली असेल. मी पाणी सोडलंय."

आता यात किती गुंतलं होतं ते नीट समजून घ्यायला हवं. कमलिनीबाईंनी आयुष्यात घेतलेला एकही नेम मोडला नव्हता. तापात नाही, प्रवासात नाही, बाळंतपणात नाही. हा मोडला असता, किंवा उतरताना त्या नुसत्या मटकन खाली बसल्या असत्या, तरी पुढच्या सगळ्या व्रतांतला दम गेला असता. घरातली त्यांची तेवढी एकच सत्ता होती. आणि ते स्टूल गावातल्या प्रत्येक मुंजीत, प्रत्येक बारशाला निघत राहिलं असतं.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. समोरचे दुबेजी आले. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे जगातलं जे काही हलतं त्याच्यावर त्यांचा अधिकार. त्यांनी वर्तमानपत्राची पट्टी फाडली, ओठांशी धरली आणि तिच्यावरून फुंकर मारली. पट्टी वर उचलली गेली. देखिए भाभीजी, हेच विज्ञान, वरची हवा पळते, खालची ढकलते, असं म्हणून त्यांनी तीच पट्टी इतक्या वेळा उडवून दाखवली की शेवटी त्यांनाच घेरी आली आणि त्यांना सरबत द्यावं लागलं. मग पडल्या पडल्या त्यांनी सल्ला दिला की पंख घ्यायचा तर शर्यतीतला घ्या, वेगवान, कमी कापडात काम होतं.

मुलगी जाई ग्वाल्हेरला नोकरीला. तिला मराठी सगळी समजते, बोलताना मात्र अर्ध्यात रूळ बदलतो. फोनवर म्हणाली, "आई, तू मेरे को न सांगता हे सब करतेस? बाबा क्या बोले?" बाबा काय बोलले ते आईनं सांगितलं. मग जाई म्हणाली, "तो फिर उड."

कचेरीचं प्रकरण निराळंच. झाशीत छावणी असल्यामुळे इथलं आभाळ आपलं नसतं, हे प्रियदर्शिनीनं आधीच सांगितलं होतं. म्हणून गुरसरायला केशवरावांच्या चुलत घराण्याचं जे शेत आहे ते ठरलं. पेशव्यांच्या वेळी ते लोक तिकडे जहागिरीबरोबर गेले, जहागीर गेली तरी हे राहिले. शेत मिळालं, पण परवानगी पाहिजे. एका कचेरीतून दुसऱ्या, दुसरीतून तिसऱ्या. एका बाबूला हे वाहन आहे की खेळ आहे ते ठरवता येईना. वाहन असेल तर चाकं किती? चाकं नाहीत. मग चालवणार कसं? पायांनी. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि पतीची लेखी संमती आणा म्हणाला. कागदावर तसा रकाना नव्हता. कमलिनीबाईंनी अगदी मऊ आवाजात तो रकाना कुठं आहे ते विचारलं. बाबू म्हणाला, रकाना नहीं है माताजी, पर होना चाहिए.

त्या तिथंच बाकावर बसल्या आणि जपमाळ काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी बाबूनं विचारलं की माताजी, आप रोज क्या जपती हैं. त्या म्हणाल्या, चातुर्मास का व्रत है भैया, उड़ने का, बीच में टूट जाए तो दोष रोकनेवाले को भी लगता है. बाबूला घरी आई होती. शिक्का बसला. परवानगी मात्र एकाच दिवसाची मिळाली, कार्तिकातल्या दशमीची, आणि तीही सूर्यास्तापर्यंतची. म्हणजे संकल्पाचा अगदी शेवटचा दिवस. चुकलं तर चुकलं.

तोवर शेतात जमिनीवरचं शिक्षण चालू होतं. पंख वाऱ्यात उभा करायचा आणि सांभाळायचा, मोटरबिटर काही नाही. धडधाकट पोरं पहिल्या दिवशी फरफटत जातात म्हणे. कमलिनीबाईंनी दोऱ्या हातात घेतल्या, वारा तोंडावर घेतला आणि पंख सरळ डोक्यावर नेऊन उभा केला. प्रियदर्शिनी बघत राहिली. काकू, आधी कुठं शिकलात? काकू म्हणाल्या, गच्चीवर. मे महिन्याच्या झाशीच्या वाऱ्यात ओली नऊवारी एकटीनं वाळत घाला रोज, म्हणजे कापड कधी पोट काढतं आणि कधी अंगावर येतं ते हाताला कळतं.

अडचण हेल्मेटची झाली. अंबाडा आत मावेना. डोक्याच्या मापाचं घेतलं तर अंबाडा बाहेर, अंबाड्यासकट मावेल असं घेतलं तर डोकं आत फिरतं. शेवटी पन्नाशी उलटलेल्या बाईनं शाळकरी मुलीसारख्या दोन वेण्या घातल्या. केशवरावांनी त्या दोनदा पाहिल्या. मग त्यांनी विचारलं की ती जास्तीची छत्री कशाला बांधतात कमरेला. ती पंख मिटला तर उघडायची, प्रियदर्शिनी म्हणाली. केशवरावांच्या मते हा अपशकुन होता. आयुष्यभर विमा विकलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून कमलिनीबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

आता पंखाची गोष्ट. प्रियदर्शिनीकडचे पंख भारी वजनाच्या विद्यार्थ्यांचे. काकू चिमणीएवढ्या. त्यांच्यासाठी वेगळा पंख मागवायला हवा होता. तिनं नीट समजावलं. पहिला पंख भोळा असावा, तापट नको. चूक झाली तरी पोटात घालणारा, आपला आपण सावरणारा. आणि मापाचा. माणूस, मोटर, पेट्रोल, सगळं मिळून जे वजन होईल ते पंखावर लिहिलेल्या वजनांच्या मध्ये कुठं तरी बसायला हवं. पंख लहान पडला तर सुसाट पळतो. मोठा झाला तर वारा त्याला झुलवतो आणि तो खाली यायला कंटाळा करतो. कमलिनीबाईंना हे सगळं स्थळ बघण्यासारखं वाटलं आणि चटकन पटलं. मंडळातल्या बायकांनी फक्त काळा रंग नको एवढं सांगितलं. हळदीचा पिवळा ठरला.

मागवायचं काम केशवरावांकडे होतं. आणि इथं घोटाळा झाला.

केशवरावांनी आयुष्यात कुठलीही वस्तू मापाची घेतलेली नाही. जाईचा शाळेचा गणवेश पहिलीला घेतला तो तिसरीपर्यंत चालला, पहिलं वर्ष तिनं तो धरून चालण्यात घालवलं. चपला एक नंबर मोठ्या, कुकर चार माणसं जास्तीची जेवतील असा. अंगाला मोठं असलेलं बरं, पुढं उपयोगी पडतं, हा त्यांचा धर्म. किंमत तीच असताना लहान पंख घेणं हा त्यांना शुद्ध वेडेपणा वाटला. शिवाय त्यांच्या मनात आणखी एक होतं, जे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. जेवढा पंख मोठा तेवढी बाई हळू उतरेल. त्यांनी एक माप मोठा मागवला.

पंख दिवाळीच्या तोंडावर आला तेव्हा प्रियदर्शिनीनं कपाळाला हात लावला. परत करायला वेळ नव्हता. आषाढात केलेलं वजन लावून पाहिलं तर मोटर धरून काकू कशाबशा काठावर बसत होत्या. आणि ते वजन उपासांच्या आधीचं. त्यानंतर चातुर्मासाचं एकभुक्त, त्यात नवरात्राचे उपास. कार्तिकात पुन्हा काट्यावर उभं केलं तर काकू काठाच्याही खाली. प्रियदर्शिनी म्हणाली, जेवा. काकू म्हणाल्या, एकदाच. यावर फौजेतल्या बाईचंही काही चालेना. मग तिनं उपाय काढला. पाण्याच्या बाटल्या भरून एका पिशवीत घालायच्या आणि ती पिशवी उडताना बसायच्या बैठकीला बांधायची. पाण्याचं वजन धरून काकू मापात बसल्या.

दशमीला दुपारी सगळी वरात गुरसरायला पोचली. उडण्याआधी हवा शांत व्हायला हवी म्हणून उन्हं उतरायची वाट बघायची होती. मंडळातली माणसं आली होती, चुलत घराण्यातली आली होती, दुबेजी छत्री आणि दुर्बीण घेऊन आले होते. केशवराव यजमान. पुढं जे झालं ते कमलिनीबाईंना नंतर कळलं, पण आपण आत्ताच सांगून टाकू. आपल्यात दारी माणूस आला की आधी पाणी विचारतात. शेताला दार नसलं म्हणून काय झालं. केशवरावांनी पाहुण्यांना सावलीत बसवलं, इकडे तिकडे पाहिलं, आणि समोरच गार पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांची पिशवी दिसली. त्यांनी एकेकाला आग्रह करकरून पाणी पाजलं. दुबेजींनी दोनदा घेतलं. आणि रिकामी बाटली टाकून द्यायची केशवरावांच्या हाताला सवय नाही. त्यांनी झाकणं घट्ट लावून सगळ्या बाटल्या जशाच्या तशा पिशवीत रचून ठेवल्या. पिशवी टम्म.

ती तशीच बैठकीला बांधली गेली. मोटर पाठीवर चढवायला दोन माणसं लागतात, त्या गडबडीत एका पिशवीचा हलकेपणा कोणाला कळणार. प्रियदर्शिनीनं प्रत्येक बक्कल ओढून पाहिलं. झाकणं उघडून पाहायचं तिला फौजेनं शिकवलं नव्हतं.

कमलिनीबाईंनी गणपतीचं नाव घेतलं आणि धावल्या. पाच-सात पावलं झाली असतील, सहावं की सातवं जमिनीला लागलंच नाही. पायाखालचं ढेकूळ लहान झालं, मग बांध, मग माणसं. आणि एक फार मोठी शांतता, म्हणजे पाठीशी मोटर ओरडत होती, पण त्या शांततेला त्याचं काही नव्हतं. गुरसरायची घरं, तलावाचा चकाकता तुकडा, लांब गरौठ्याकडे जाणारा रस्ता. बावन्न वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या आजूबाजूला सल्ला देणारं कोणी नव्हतं. त्यांनी ठरल्याप्रमाणे गोल फेरी मारली, शेताच्या वर आल्या आणि मोटर बंद केली. आता पंखानं त्यांना हळूहळू खाली न्यायचं होतं.

पंखानं तसं काही केलं नाही.

दिवसभर तापलेली शेतं संध्याकाळी ऊब सोडतात. ती ऊब, मोठा पंख आणि उपासाची बाई. कमलिनीबाई जिथल्या तिथं तरंगत राहिल्या. मग जरा वरच गेल्या. मग वाऱ्यानं त्यांना अलगद बांधापलीकडे न्यायला सुरुवात केली. सूर्य क्षितिजाला टेकायला आला होता.

कानातल्या यंत्रात खरखर झाली. खाली केशवरावांनी प्रियदर्शिनीच्या हातातून बोलायचं यंत्र घेतलं होतं.

"कमल, पुरे झालं आता. खाली ये."

जणू त्या शेजारणीकडे बसल्या होत्या. मग दुबेजींचा आवाज आला. "भाभीजी, दोनों ब्रेक पूरे खींचिए, पूरे। रेलगाड़ी ऐसे ही रुकती है।"

ब्रेकच्या दोऱ्या धरलेले कमलिनीबाईंचे हात क्षणभर खाली जाऊ लागले. तीस वर्षांची सवय, खालून कोणी पुरुष ठामपणे बोलला की हात हलतात. पण पंख आधीच मंद चालत होता, आणि त्यांना गच्चीवरची नऊवारी आठवली. वारा मंदावलेला असताना कापड खाली खेचलं तर ते भसकन मिटून अंगावर येतं. हात थांबले. त्यांनी बटण दाबलं आणि त्यांच्या रोजच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "यंत्र प्रियदर्शिनीला द्या. आणि तुम्ही दोघं गप्प बसा."

खाली सगळ्यांनी ते ऐकलं. यंत्र देण्यात आलं.

"काकू, कान," प्रियदर्शिनी म्हणाली. "शिकवले होते तसे. दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या दोऱ्या, सावकाश."

पंखाची दोन टोकं दुमडून घ्यायची, म्हणजे तेवढाच पंख लहान होतो आणि खाली येतो. त्याला कान ओढणं म्हणतात. कमलिनीबाईंनी गणपतीपुढं लहानपणापासून स्वतःचे कान धरले होते, दुसऱ्याचे धरायची ही पहिलीच वेळ. त्यांनी दोऱ्या ओढल्या. केशवरावांनी जेवढं जास्तीचं कापड घेतलं होतं साधारण तेवढंच दोन्हीकडून मिटलं, आणि पंख अखेर मापाचा होऊन खाली निघाला.

आपलं शेत मात्र मागं राहिलं होतं. खाली दुसऱ्याचं रान आलं, नांगरून पाणी दिलेलं, मटार पेरलेलं. त्यांनी कान सोडले, वाऱ्याकडे तोंड केलं, जमीन हाताशी आल्यावर दोन्ही ब्रेक पूर्ण ओढले. पाय टेकले. आणि पोटऱ्यांपर्यंत चिखलात गेले. पंख मागं पिवळ्या शालूसारखा पसरला. त्या डोलल्या, पुढं, मागं, पण पाय इतके पक्के रोवले गेले होते की पडायची सोयच नव्हती. सूर्याचा शेवटचा लाल तुकडा गेला तेव्हा त्या उभ्या होत्या.

शेताचा मालक बांधावर विडी ओढत होता. त्यानं सावकाश विचारलं, "काय बाई, ऊपर सें आईं का?"

त्या हो म्हणाल्या. त्यानं मान डोलावली, आणि पाणी विचारलं.

तोवर केशवराव धापा टाकत, एक चप्पल चिखलात घालवून येऊन पोचले होते. पाणी हा शब्द ऐकताच ते जागच्या जागी थांबले. बैठकीची पिशवी फाटून रिकाम्या बाटल्या चिखलावर इकडे तिकडे पडल्या होत्या. त्यांनी बाटल्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग जे घडलं ते सगळं त्यांनी सांगितलं, पाहुण्यांपासून झाकणांपर्यंत.

मागून आलेले दुबेजी म्हणाले की चिखलात रुतणं याला तांत्रिकदृष्ट्या उभं राहणं म्हणता येईल का, हा प्रश्न आहे.

"माझ्या पायांवर आहे की नाही, ते बघा," कमलिनीबाई म्हणाल्या. "कशात आहे ते संकल्पात नव्हतं."

दुबेजींनी वाकून पाहिलं आणि मान्य केलं. केशवराव गुडघ्यावर बसून त्यांचे पाय एकेक करून चिखलातून मोकळे करू लागले. खाली मान घालूनच म्हणाले, "स्टुलाचं मी पुन्हा काढणार नाही."

"काढा की. मी कुठं नको म्हणतेय." त्यांनी एक वेणी मागं टाकली. "पण व्रत अजून पुरं झालं नाही. उद्यापन राहिलंय."

"करू की. ब्राह्मण सांगतो, सवाष्ण सांगतो."

"उद्यापनाला जोडीनं बसावं लागतं," कमलिनीबाई म्हणाल्या. प्रियदर्शिनीकडे वळून त्यांनी दोघांना घेऊन उडणाऱ्या पंखाची चौकशी केली. असतो, ती म्हणाली, ती स्वतः चालवेल, एकेकाला पुढं बसवून आधी काकूंना, मग केशवरावांना. मात्र त्यालाही वजनाची मर्यादा असते.

मर्यादेचं ऐकून केशवरावांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. दुसऱ्याच दिवशी, एकादशीला, त्यांनी साबुदाण्याची तिसरी वाटी मागितली. द्वादशीपासून पोळीवर दुप्पट तूप घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळी काट्यावर उभे राहून ते समाधानानं मान हलवत. कमलिनीबाईंनी काही हरकत घेतली नाही. त्या मुकाट्यानं वाढत राहिल्या. आठवड्यानं केशवरावांना राहवेना. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की त्या पंखाचं काय झालं, मागवला की काय.

कमलिनीबाईंनी त्यांच्या पोळीवर आणखी एक चमचा तूप सोडलं.

"मागवलाय," त्या म्हणाल्या. "एक माप मोठाच घेतलाय."